पौषात फुललेलं पीच

"मग बुवा, आता दीक्षा कधी?"

हेरंबनं कुंडी बुवांच्या पुढ्यात ठेवली आणि सरळ विचारलं. नमस्कार करायचंही त्याला भान राहिलं नाही.

पसरट मातीची कुंडी. तिच्यात वीतभर उंचीचं पीचचं झाड. फांद्या म्हणजे नुसत्या काटक्या... आणि त्यांवर गुलाबी फुलं. खिडकीबाहेर देवदार बर्फानं वाकले होते.

मुकुंदबुवांनी जपाची माळ बाजूला ठेवली. फुलांकडे पाहिलं.

बुवा थक्क झाले, असं हेरंबला वाटलं. त्याला तसं लवकर वाटायचं.

कुमाऊँच्या डोंगरातला हा मठ आडवाटेचा. बुवा मूळचे कऱ्हाडकडचे. तरुणपणी दत्ताची मूर्ती पाठीशी बांधून इथवर चढले, ते पुन्हा खाली उतरलेच नाहीत. खडकाच्या कपारीत खुरटलेलं पीचचं एक रोप त्यांनी कधीतरी कुंडीत लावलं आणि छाटत छाटत एवढंसंच ठेवलं. याला बोन्साय म्हणतात, हे त्यांना हेरंबनं सांगितलं. हेरंब सगळ्यांना सगळं सांगायचा.

पुण्यात त्याचा क्लास होता. आठवीच्या मुलांना दहावीचं गणित शिकवून मोकळं करण्याबद्दल त्याचं मोठं नाव होतं. पुढे कशानं तरी मन उडालं. क्लासला कुलूप घालून तो मठात आला आणि आल्या दिवशीच त्यानं दीक्षा मागितली. मग येता-जाता मागू लागला.

शेवटी कार्तिकात बुवांनी ही कुंडी त्याच्या हातात दिली.

"याचा हिवाळा सांभाळ," ते म्हणाले होते. "मग दीक्षेचं बोलू."

ज्यानं जन्मात कधी तुळशीला पाणी घातलं नव्हतं, तो माणूस त्या दिवसापासून झाडाच्या मागे हात धुऊन लागला.

आणि आता झाड फुललं होतं. पौषात.

"कसं फुलवलंस?" बुवांनी विचारलं.

हेरंब याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"देवासारखं सांभाळलं, बुवा. आपण थंडीत दत्ताला शाल पांघरतो, मी कुंडीला माझा मफलर गुंडाळला. देवाला ऊन पाण्यानं स्नान घालतो, मी याला कोमट पाणी घातलं. पहिलं बर्फ पडलं तसं आत आणलं आणि चुलीशेजारी ठेवलं. वर शेणखताचं पाणी. काही म्हणून कमी पडू दिलं नाही."

"मला विचारा की!" स्वयंपाकघरातून गोदूताईंचा आवाज आला. मठाची चूल त्यांच्या ताब्यात होती. "सांडशी ठेवायला जागा ठेवली नाही हो यांनी. भाकरी फिरवायची तर आधी झाडाची परवानगी घ्या."

बुवा हसले. मग हसू मावळलं.

"देवाला निजवतोस की नाही?"

"रोज. शेजारती मीच म्हणतो."

"आणि पडदा ओढल्यावर?"

"पडदा ओढल्यावर... काही नाही. काकड्यापर्यंत तिकडे कुणी फिरकतसुद्धा नाही."

"मध्येच जाऊन शंख फुंकलास तर?"

"असं कसं करीन, बुवा? देव निजलेला असतो."

बुवांनी कुंडीकडे बोट केलं.

हेरंबच्या लक्षात आलं. पण लगेच मान्य करील तर तो हेरंब कसला.

"पण फुललं ना ते?"

"फुललं."

"मग?"

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"हिवाळ्यात झाड सांभाळ."

"नीट आठव."

हेरंबनं आठवलं. आठवताना त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"याचा हिवाळा सांभाळ... असं म्हणाला होतात."

"झाड तर हे समोर आहे," बुवा म्हणाले. "हिवाळा कुठाय?"

चुलीतलं लाकूड तडकलं.

"आता याचं काय होईल?" हेरंबनं विचारलं. या वेळी आवाज खाली आला होता.

"उघड्यावर ठेवशील तर आजच फांद्यांवरचे कोवळे डोळे करपतील. चुलीपाशी ठेवशील तर आणखी फुलेल. आहे नाही ते सगळं फुलण्यात घालवील. चैत्रात पानं फुटायची, तेव्हा अंगात काही उरलेलं नसेल."

"मरेल?"

"मरेल... किंवा तगेलही."

"मग फुलं काढून टाकली तर?"

बुवांनी माळ पुन्हा हातात घेतली. "फुलं तुझी आहेत. तू बघ."

हेरंब कुंडीसमोर बसून राहिला. दाखवायला त्याच्याकडे एवढंच होतं. ही फुलं खुडली की दीक्षा मागायला तोंड उरणार नव्हतं. ठेवली, तर झाड हातचं जाणार होतं. आणि या झाडावर त्याचा जीव जडला होता. चुलीशी शेकत बसला की तो त्याच्याशी बोलायचा, आणि हे फक्त गोदूताईंना माहीत होतं. त्याला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत.

मग त्यानं आधी कुंडीभोवतीचा मफलर सोडला.

एकेक फूल नखानं अलगद तोडलं. उमलायच्या बेतात असलेल्या कळ्याही तोडल्या. गोदूताई बाहेर आल्या आणि त्यांनी पदर पुढे केला. सगळी फुलं त्यात मूठभरसुद्धा झाली नाहीत.

"दत्ताला वाहू का, बुवा?" गोदूताईंनी विचारलं.

"वाहा की. त्याला तरी पौषात फुलं कुठं मिळतात!"

मठाच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, लाकडं रचायची एक खोली होती. तिथे चूल नव्हती. दार तेवढं पश्चिमेला; ते लावलं की ऊन शिरत नव्हतं. बर्फाळ वाऱ्यापासून आडोसा मिळायचा, पण गारठा हाडात उतरायचा. हेरंबनं कुंडी तिथे नेली. पाइनच्या वाळक्या सुयांचा ढीग केला आणि त्यात कुंडी काठापर्यंत पुरली. पाण्याचा तांब्या सवयीनं उचलून आणला होता, तो तसाच बाजूला ठेवला.

झाड आता अगदीच केविलवाणं दिसत होतं. कुणाला दाखवावं असं त्यात काही राहिलं नव्हतं.

बुवा काठी टेकत मागोमाग आले होते. आत एका ओंडक्यावर कांबळं पांघरून बसले आणि झाडाकडे पाहत राहिले.

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. हेरंबला तेच सगळ्यांत जड गेलं. तो उंबऱ्याशी गेला. दार उघडं होतं. बाहेर ऊन पडलं होतं, बर्फ लखलखत होतं, आणि उन्हाचा एक पट्टा आत सरकत सुयांच्या ढिगापर्यंत आला होता. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिकडे जावं, चार घटका शेकावं, असं त्याला वाटलं. पण प्रश्न काही केल्या गिळवेना.

"बुवा..."

"बोल."

"आणि माझं काय? माझी दीक्षा?"

बुवांनी कांबळं अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं.

"दार लाव, हेरंबा. आतली थंडी बाहेर चाललीय."