तांबटाचं बारावं मौन

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तांबट राहत होता. गोष्ट इतकी जुनी आहे की त्याचं नाव आज कुणालाच सांगता येणार नाही. त्याने काय केलं ते मात्र तिथली पोरंटोरंही सांगतात. मीही तेच सांगणार आहे.

तांबटाच्या घरी दिवसभर ठोक्यांचा आवाज. सकाळी तांब्याचा पत्रा ऐरणीवर चढायचा, तो दिवेलागणीलाच उतरायचा. हंडे, घागरी, पराती, तपेली, काही ना काही चालूच. त्या आळीतल्या बायका भांडतात त्यासुद्धा खुणांनीच, असं गावात थट्टेने म्हणत.

त्या गावाची एक रीत होती. वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदला दिवस, गाव मौनात घालवायचं. घरटी एक माणूस उजाडताच डोंगरावरच्या देवराईत जायचा, एखादं झाड धरून बसायचा आणि सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडायचा नाही. सोबत प्यायला पाणी, बाकी काही नाही. सरलेलं वर्ष मनातल्या मनात पाहायचं, आपण कुणाशी वाकडं वागलो ते आठवायचं, वारा-पाखरं ऐकायची आणि हलकं होऊन खाली उतरायचं. बोलक्या माणसांना हा दिवस फार जड जायचा. गावातले कीर्तनकारबुवा तर दुपारपासून नुसते खाकरत बसायचे.

या रीतीत जुन्या लोकांनी एक वाट मोकळी ठेवली होती. देवराईत बसलेल्या माणसाशी कुणाला बोलायचंच असेल, तर त्याने करंजाची हिरवी डहाळी आणून त्याच्या पुढ्यात ठेवायची. ठेवणाऱ्यानेही तिथे बोलायचं नाही, नुसतं थांबायचं. मग बसलेल्याने उठावं, देवराईच्या कडेला एक मोठा दगड होता तिथे जावं, आणि काय असेल ते ऐकून, बोलून यावं. त्यात कमीपणा नव्हता. फक्त त्याचं त्या वर्षाचं मौन मोजणीत धरलं जायचं नाही.

कारण मोजणी होती. लागोपाठ बारा वर्षं, म्हणजे एक तपभर, ज्याचं मौन मोडणार नाही, त्याच्या हातून गावाची पहिली गुढी उभी राहायची. हा मान कित्येक वर्षांत कुणाला मिळाला नव्हता. कुणाची गाय अडायची, कुणाचं पोर तापाने फणफणायचं, आणि पुढ्यात डहाळी यायची. डहाळी आली की माणूस उठायचा. उठायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असलं, तरी न उठलेला माणूस गावाने पाहिला नव्हता.

तांबटाची अकरा वर्षं पुरी झाली होती.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं तो मनापासून जायचा. वर्षभर ठोके खाल्लेल्या कानांना त्या दिवशी झऱ्याचं पाणी ऐकू यायचं, वाळकं पान जमिनीवर टेकलेलं ऐकू यायचं. पहिल्या वर्षी तर तो तिथे बसून पोटभर रडला होता आणि खाली येऊन बायकोची माफी मागितली होती. मग पाचवं वर्ष झालं, सहावं झालं आणि लोक म्हणू लागले, काय माणूस आहे, याच्या तोंडातून हूं की चूं नाही. हे त्याच्या कानावर आलं आणि गोड लागलं. तिथून पुढे तो देवराईत बसायचा खरा, पण मनात वर्षच मोजायचा. आठ झाली, नऊ झाली. झरा वाहतच होता, त्याला तो ऐकू येईनासा झाला.

या तांबटाला एक थोरला भाऊ होता. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं, हातोडा धरायला शिकवलं, पत्र्याचा आवाज ओळखायला शिकवलं. पत्रा ठोकता ठोकता पातळ झाला की त्याचा आवाज बदलतो, आणि तो बदलला की हात पुढे सरकवायचा असतो. तांबट डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतो, हे थोरल्याचं नेहमीचं सांगणं. दोघं एकाच ऐरणीपाशी समोरासमोर बसत.

पण त्या वर्षी थोरल्याच्या हातून चुका होऊ लागल्या. एकाच जागी ठोके बसायचे आणि भांड्याला चीर जायची. एकदा झालं, दोनदा झालं. पोळ्याच्या सुमाराला देवळाचा मोठा हंडा असाच फुटला, आणि नेमके गावातले चार लोक तो न्यायला दारात उभे होते. धाकट्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, तुझ्या हातात आता काही राहिलं नाही. हातोडा खाली ठेव आणि घरी बस.”

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, हातोडा खाली ठेवला आणि तो निघून गेला. आळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं घर होतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

धाकट्याला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, पुष्कळ वाटलं. पण आज सांगू, उद्या सांगू करत सात महिने गेले आणि वर्षाचा शेवटचा दिवस आला.

बाराव्या वर्षी तांबट सगळ्यांच्या आधी देवराईत पोचला आणि एका जुन्या जांभळाखाली ताठ बसला. आपल्याला लोक पाहत आहेत हे त्याला ठाऊक होतं. डोळे मिटलेले होते, पण मनात उद्याची सकाळ चालली होती. डोक्याला कोणता फेटा बांधायचा, गुढीची काठी कुणी धरायची, कुणाकुणाला बोलवायचं. सरलेल्या वर्षाकडे पाहायला काही त्याला वेळ झाला नाही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाचोळ्यात पावलं वाजली. डोळे न उघडताच त्याने ती ओळखली. लहानपणापासून ज्या पावलांच्या मागे चालला, ती कशी विसरेल? पावलं त्याच्यासमोर थांबली. पुढ्यात काहीतरी हलकेच टेकलं.

त्याने डोळे उघडले. समोर करंजाची डहाळी होती आणि डहाळीपलीकडे थोरला भाऊ उकिडवा बसला होता. रीत मोडायची नाही म्हणून तो काही बोलला नाही. मान किंचित कलती करून धाकट्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

उठावं, असं तांबटाला वाटलं, आणि पाय हललेही. पण लगेच दुसरा विचार आला. अकरा वर्षं आणि वर अर्धा दिवस झाला आहे. आता उठलो तर सगळं पाण्यात, पुन्हा एकपासून सुरुवात. सात महिने आला नाही तो नेमका आजच का आला? आणि असं काय घाईचं आहे? उद्या गुढी उभारली की मी स्वतः याच्या घरी जाईन, पाया पडेन, हाताला धरून आणेन. एका दिवसाने काय बिघडतं?

त्याने डोळे मिटून घेतले.

थोरला तरीही थांबला. बराच वेळ थांबला. सावली जांभळाच्या एका मुळावरून दुसऱ्या मुळावर गेली. मग तांबटाला गुडघ्यावर हाताचा स्पर्श कळला, तो हात उचलला गेलेलाही कळला, आणि पावलं दूर गेली. तांबटाने ओठ घट्ट मिटून धरले होते. आपण फार मोठ्या परीक्षेला उतरलो, असं त्याला वाटलं. खरोखरच असं वाटलं बिचाऱ्याला.

सूर्य मावळल्यावर लोक जमले. देवराईची राखण करणाऱ्या म्हातारीने ती डहाळी पाहिली आणि कुणी ठेवली म्हणून विचारलं. “दादाने ठेवली होती. मी उठलो नाही,” तांबट म्हणाला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते कुणाला कळेना. शेवटी गावच्या पाटलाने निवाडा केला की तोंडातून शब्द गेला नाही, म्हणजे मौन मोडलं नाही. म्हातारीने डहाळी उचलून झऱ्याच्या पाण्यात सोडली आणि ती आपल्या खोपटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तांबटाच्या हातून पहिली गुढी उभी राहिली. ढोल वाजले, कडुनिंबाचा पाला आणि गूळ वाटला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून तो थोरल्याला शोधत होता. थोरला दिसला नाही. जेवणं उरकून तो भावाच्या घरी गेला तर दाराला कडी. शेजारणीने सांगितलं, लेकीने गाडी पाठवली होती, तांबडं फुटायच्या आत दोघं नवराबायको गेली. आता तिकडेच राहणार म्हणाली. लेकीचं गाव घाटावर, चार दिवसांच्या वाटेवर होतं.

तांबटाचं मन खट्टू झालं. तसाच निघाला असता तर? पण चैत्रात लग्नं सुरू झाली, आणि लग्न म्हटलं की भांडी आली. एवढी कामं संपली की जाऊ, असं त्याने ठरवलं. कामं संपली तोवर पाऊस लागला आणि घाट बंद झाला. दसरा झाला, वाटा वाळल्या, तेव्हा कुठे तो निघाला.

लेकीच्या दारात वहिनी भेटली. तिने पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. तांबट म्हणाला, दादाची माफी मागायला आलो आहे, त्या दिवशी देवराईत माझं चुकलं. वहिनीने मान खाली घातली.

“आलात ते बरं केलंत, भाऊजी,” ती म्हणाली, “पण त्यांना आता ऐकू येत नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. पोळ्याच्या आधीपासूनच थोरल्याचे कान जात होते. पत्रा पातळ झाल्याचा आवाज त्याला कळेना, म्हणून भांडी फुटत होती. पण तांबटाचं काम करणाऱ्याने आपल्याला ऐकू येत नाही हे कुणाला सांगायचं? त्याला लाज वाटली. धाकट्यालाही त्याने सांगितलं नाही. फाल्गुनापर्यंत उजवा कान पुरता गेला, डाव्यात थोडं उरलं होतं.

“दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन गेले,” वहिनी म्हणाली. “ठोक्यांच्या आवाजात काही कळायचं नाही, म्हणून तसेच परत फिरले. मग म्हणाले, देवराईत त्या दिवशी शांत असतं, तिथे त्याचा आवाज येईल मला. त्याने एकदा दादा म्हणून हाक मारली की झालं, मग लेकीकडे निघू आपण. पुढे वैशाखात त्यांचा डावा कानही गेला.”

तांबट ऐकत राहिला. आपल्या तोंडचं शेवटचं काय थोरल्याच्या कानांत गेलं, ते त्याला आठवलं, आणि त्याचा जीव कासावीस झाला. बारा मौनांसाठी लोकांनी ज्या तोंडाचं कौतुक केलं, ते कुठे लपवावं हे त्याला कळेना.

थोरला मागच्या अंगणात शेंगा फोडत बसला होता. धाकट्याला पाहताच त्याचा चेहरा उजळला. राग, रुसवा काही नाही. तांबट धावत गेला, पायांवर पडला आणि बोलू लागला. दादा म्हणून हाक मारली, माफी मागितली, हंड्याचं बोलला, डहाळीचं बोलला, लहानपणी तो आपल्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा ते बोलला. कानाशी तोंड नेऊन बोलला, ओरडून बोलला. शेजारची माणसं कुंपणापाशी गोळा झाली. थोरला त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होता.

बऱ्याच वेळाने थोरल्याने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बहिऱ्या माणसाचा आवाज चढतो, तशा मोठ्या आवाजात तो म्हणाला, “तू बोलतोयस ते दिसतंय रे मला. बोल. बघायला बरं वाटतं.”

तांबट दिवस मावळेपर्यंत त्याच्यासमोर बसून बोलत राहिला.

आता तात्पर्य विचाराल तर एवढंच, की गप्प बसायचं ते दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणून. आपलं माणूस समोर येऊन थांबलेलं असताना जो आपलं मौन सांभाळत बसतो, त्याला पुढे कितीही बोलावंसं वाटलं, तरी ते ऐकायला कुणी उरेलच असं नाही.