तीन खोडले, एक ठेवला

सांगलीत मोबाइलवरचे खेळ बनवणारे एक टिपणीससाहेब होते. अक्कल दांडगी, निदान त्यांच्या मते. पटावरच्या सोंगट्या चार दिशांना सरकवायच्या, म्हणून त्यांनी चार प्रोग्राम लिहिले. एक चूक निघाली की चार जागी निस्तरा. नव्यानं कामाला लागलेल्या शकूनं तीन खोडले आणि डावीकडे सरकवणारा तेवढा ठेवला. बाकी दिशांना ती पटच फिरवून त्यालाच कामाला लावायची.

साहेब जेवताजेवता कडाडले, "माझं काम खोडतेस? उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. पण साहेब, लोणचं ताटात पलीकडे होतं, तेव्हा आत्ता काय केलंत?"

"ताट फिरवलं."

"नवा हात नाही ना लावून घेतलात?"

साहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "उद्या वेळेवर ये."