ससाण्याचा वाटा

एका राज्यात कोंबड्या घरोघर होत्या आणि ससाणा एकच होता. तो ससाणा म्हणजे रूप पालटलेला एक मांत्रिक. पण त्याला नीट पाहिलेलं कुणीच नव्हतं. लोकांना ठाऊक होती ती त्याची सावली. ती पडली की विहिरीपासून वेशीपर्यंत भर दुपारी अंधार व्हायचा.

म्हणून एक रीत पडली होती. अंगणात नवी पिल्लं निघाली की त्यातलं एक ससाण्याचा वाटा. डाल्याखाली झाकून न्यायचं, वेशीबाहेरच्या काळ्या दगडावर सोडायचं आणि साऱ्या गावानं पाठ फिरवून उभं राहायचं. बघायचं नाही. बघितलं तर डोळे जातील, असं म्हातारी माणसं सांगत, आणि त्यांना ते त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं. बाकीची वाचतात ना, मग झालं.

वाटा साऱ्यांच्या घरून जाई, राजवाड्यातून जात नसे. राजा भद्रसेन म्हणे, रीत रयतेची आहे.

एका सकाळी राजकन्या इंदुमती अंथरुणात नव्हती. उशीवर पिवळं मऊ पीस तेवढं होतं. छपरावरून आवाज आला, "राजा, साऱ्यांचा वाटा पोचला, तुझा राहिला. तुझी लेक आता कुणाच्या तरी अंगणात पिल्लू होऊन दाणे टिपते आहे. तुझीच रयत मला ती आणून देईल."

राजा तडक उठला. मुकुट विसरला, जोडे विसरला, तसाच धावत सुटला. वेशीच्या बाभळीवर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलला.

"धुरपा कुंभारणीच्या अंगणात जा. तिथल्या पिल्लांत एक तुझं आहे. पंखांना पिसं फुटेतो त्यांतलं एकही जाता कामा नये. एक गेलं, मग ते कुणाचंही असो, शाप कायमचा."

"माझं कोणतं?"

"ते मलाही दिसत नाही."

धुरपा चाकावर बसली होती. अनवाणी राजा दारात बघून तिच्या हातचं मडकं वाकडं झालं. राजानं सारं सांगितलं. ती म्हणाली, हाक मारून बघा, महाराज. राजानं लेकीला नावानं हाक मारली. एकाही पिल्लानं मान वर केली नाही. मग धुरपानं कण्या टाकून ती-ती-ती केलं, तशी सगळी धावत आली. सगळी पिवळी, सगळी भुकेली. पोटची पोर समोर असून बापाला ओळखू येईना.

ससाणा पहिल्यांदा आभाळातून आला, तेव्हा रीतीच्या धाकानं राजानं आणि धुरपानंही मान वर केली नाही. राजानं आपल्या हातांनी अंगणावर बाभळीच्या काट्यांचं छत घातलं होतं. हात रक्तानं माखले, पण काटे ससाण्याच्या पायांत रुतले आणि तो परतला. दुसऱ्यांदा त्यानं मुंगूस धाडलं. ते भिंतीखालून उकरत आलं. धुरपानं खुराड्याभोवती फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या खोल रोवल्या होत्या. मुंगूस नाक कापून घेऊन पळालं. तिसऱ्यांदा ना आभाळातून कुणी आलं, ना जमिनीतून. दारातून गाव आलं.

पुढं कोंडाजी पाटील, हातात डालं. गावावर दुपारचा काळोख पसरला होता.

"धुरपे, वाटा दिला नाहीस. एक दे आणि साऱ्यांना मोकळं कर."

"यांतलं माझं कोणतं आणि राजाचं कोणतं, ते निवडून दे पाटील. माझं असेल ते ने."

पाटील पिल्लांकडे बघत राहिला. निवडता येईना त्याला. तेव्हा राजानं त्याच्या हातून डालं घेतलं. म्हणाला, वाटा माझ्याच घरचा राहिला आहे. रिकामं डालं घेऊन तो चालत गेला आणि काळ्या दगडावर चढून उभा राहिला.

आणि गावानं काय केलं? सवयीनं पाठ फिरवली. राजासाठीसुद्धा.

राजालाही डोळे मिटावेसे वाटले. पण ज्यानं लेक नेली त्याचं तोंड तरी बघू, म्हणून त्यानं मान वर केली. बघतो तर गावावर सावली डोंगराएवढी आणि वर पक्षी कावळ्याएवढा. राजानं गावाला हाक दिली. म्हणाला, "माना वळवा. बघा, हा केवढा आहे तो."

एकानं भीतभीत बघितलं, तशी विहिरीवरची सावली हटली. दुसऱ्यानं बघितलं, देवळावरची हटली. कुणाचेच डोळे गेले नाहीत. सारं गाव वळलं तेव्हा सावली तळहाताएवढी उरली. एक म्हातारी जमिनीवरच बसली. "एवढ्याला? एवढ्याशाला दिली आम्ही सगळी?" पाटलानं पागोटं काढून तोंडावर धरलं.

कोतवाल पक्षी बाभळीवरून सुटला. त्यानं ससाण्याला चोची मारत माळापार हुसकलं. मांत्रिकाला माणसाचं रूप पुन्हा आलं नाही. उंदीर मिळाला तर खातो, नाही मिळाला तर उपाशी.

पिल्लांना पिसं फुटली त्या दिवशी कोंबडीच्या पंखाखालून इंदुमती उभी राहिली, केसांत भुसा, मुठीत कण्या. राजानं तिला उराशी धरलं. वाट्याची रीत त्यानं तिथंच मोडली, आणि धुरपाच्या उंबऱ्याला हात लावून तो निघाला.

पण कोंबडी अंगणभर हाका मारत फिरू लागली. तिचं एक कमी भरत होतं. खुराड्यात बघे, चाकामागं बघे, पुन्हा हाक मारी. इंदुमतीनं बापाचा हात सोडला. ती मागं फिरली, मातीत बसली, आणि कोंबडी तिच्या मांडीवर एक पंख पसरून गप्प झाली.

राजा दारात उभा राहिला. त्या दिवशी घरी जायची घाई कुणीच केली नाही.