आवडूचा तुकडा

रापणीच्या या जाळ्याच्या मधोमध ही लाल शिवण दिसते ना, ती आवडूची. बाकी जाळं घरी शिवून आणतात. हा मधला तुकडा मात्र इथं वाळूत, सगळ्यांच्या देखत जोडायचा, आणि तोही आमच्या घरातल्या बाईनंच. आमच्या म्हणजे आवडूच्या वंशातल्या. बसा, सांगतो. त्या माडाखाली नको, नारळ पडेल.

रापण, म्हणजे होडीतून टाकून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं हे जाळं, कोणा एकाची नसते. प्रत्येक घराचा एक तुकडा, ते सगळे जोडून एक जाळं. ज्याचा तुकडा त्याला वाटा, आणि दोर ओढेल त्यालाही वाटा. आवडूचा नवरा जाळं टाकताना बुडाला, तरी त्याच्या तुकड्याचा वाटा तिला मिळत राहिला. तिची चूल त्यावरच पेटायची.

मग, असं सांगतात, भेंडवाडीच्या खोताची नजर फिरली. शिपाई घेऊन आला आणि म्हणाला, किनारा माझा, तर जाळंही माझं. तुम्ही आजपासून गडी. मी सांगितल्याशिवाय दोराला कोणी हात लावायचा नाही. आवडूचा वाटा त्यानं पहिल्याच दिवशी तोडला.

"मेलेलो माणूस दोर ओढता काय?" असं चारचौघांत म्हणाला मेला.

"मग माझ्या घोवाचो तुकडो माका परत दिया," एवढंच ती बोलली. तो हसला.

त्या संध्याकाळी ती जाळ्यापाशी जाऊन बसली. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी रडतेय. रडतेय कसली, शिवण उसवत होती. जाळ्याचा एक धागा कापला नाही तिनं, नुसत्या गाठी सोडल्या आणि आपला तुकडा पदराखाली घालून घरी नेला. होडीत जाळं भरणाऱ्यांना भोक दिसलं असणारच. तरी त्यांनी जाळं तसंच भरलं.

सकाळी बांगडा असा आला म्हणे, की पाणी काळं झालं. खोताच्या हुकमानं दोर ओढले. जाळं किनाऱ्याला आलं आणि सगळा बांगडा त्याच्या डोळ्यांदेखत भोकातून निघून गेला. खोत पिसाळला. भोक आवळायला स्वतः पाण्यात घुसला, आणि पाय जाळ्यात गुंतले. लाटेनं आडवा केला. ओढा म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात पाणी. शिपाई घाटावरचे, त्यांना पोहता येत नव्हतं. आमची माणसं दोरापाशी हात बांधून उभी राहिली. हुकूम नव्हता ना. आवडू सर्वांच्या पुढे होती, शेवटपर्यंत बघत. तिला वाईट वाटलं असेल का, असं पाहुणे विचारतात. नसावं. मलाही वाटत नाही.

मग तिनं लग्नाच्या लुगड्याचे लाल धागे काढले आणि तुकडा परत जोडला.

आजही दोराला हात लावेल त्याला वाटा मिळतो. तुम्ही मघाशी ओढलात, हे तुमचे बांगडे, घ्या. खोताच्या घरी मात्र आम्ही दर रापणीला टोपली पाठवतो, निवडक मासळीची, फुकट. दोराला त्यांनी हात लावायचा नाही. गेल्या साली त्यांची सून इथं उभी राहून रडली. म्हणाली, "टोपली नको, दोर धरूक दिया."

मी टोपली जरा जास्तच भरून दिली.