शेवंतीच्या कुंच्या आणि बकुळबागेतली परी

नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते आणि पऱ्यांना माणसांची भीती वाटत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. केवडवाडी नावाच्या इवल्याशा गावात, नदीच्या अगदी काठाला, एक झोपडी होती. तिथे शेवंती राहायची. तिचा नवरा केरू नदीत नाव चालवायचा. इकडची माणसं तिकडे न्यायचा, तिकडची इकडे आणायचा. आणि त्या दोघांची होती छबू. कापसाच्या बोंडासारखी मऊ मऊ, अजून मानही न सावरणारी छबू.

छबू फार गोड होती. पण छबू झोपत नसे! उचलून घेतलं की खुदकन हसायची, खाली ठेवलं की टाहो फोडायची. त्यामुळे शेवंतीलाही झोप नसे. तिचे डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरायचे. आमटीत कधी दोनदा मीठ पडायचं, कधी पडायचंच नाही. वेणी घालायला बसली की अर्धी वेणी तशीच राहायची आणि दिवसभर पाठीवर सुटत जायची.

छबू जन्मली तेव्हा शेवंतीने तिच्यासाठी आपल्या जुन्या लुगड्याची एक कुंची शिवली होती. बाळाच्या डोक्यावर टोपडं आणि पाठीवर लोंबणारी मऊ झालर. झालरीवर तिने दोऱ्याने चिमण्या काढल्या होत्या. नावेतून जाणाऱ्या बायका ती कुंची बघून हरखून जायच्या.

"अगबाई, कुठून आणलीस गं?"

"घरीच शिवली."

"मग माझ्या नातीलाही एक शिवून दे की!"

तेव्हा शेवंतीच्या मनात एक चिमुकला दिवा लागला. आपण कुंच्या शिवून विकल्या तर?

त्या वर्षी नदीचं पाणी फार लवकर ओसरलं. लोक धोतरं, लुगडी वर खोचून चालतच पलीकडे जाऊ लागले. केरूची नाव वाळूत रुतून बसली. एके दिवशी केरू मान खाली घालून म्हणाला, "समुद्राकडे मिठागरावर काम मिळतंय. जावं लागेल. पाऊस पडेपर्यंत परत येणं नाही व्हायचं."

शेवंतीने त्याचा हात धरला. ती म्हणाली, "अहो, देवीची जत्रा जवळ आलीय. मी तिथे कुंच्या नेते. त्या खपल्या तर नका ना जाऊ."

केरूने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "बघू. जत्रा झाल्यावर ठरवू," एवढंच तो बोलला.

पण कुंच्या शिवायच्या कधी? शेवंतीने सुईत दोरा ओवला की छबू रडायची. टाका घातला की छबू रडायची. शेजारच्या येसूआत्या दारातून हाक मारायच्या, "आण गं इकडे, मी घेते घटकाभर!" शेवंती म्हणायची, "नको आत्या, दुसऱ्याकडे राहत नाही ती. मीच बघते." सगळ्या आया करतातच की, मग मलाच का जमू नये, असं तिला वाटायचं आणि ती आणखीच थकायची.

जत्रा तोंडावर आली, तरी तिच्याकडे एकच कुंची तयार होती. पिवळ्या काठाची, पाठीवर चांदोबा असलेली.

एका सकाळी ती छबूला झोळीत घालून गावामागच्या बकुळबागेत गेली. सोबत जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं, सुई होती आणि ती कुंची होती. बागेत गार सावली होती. हिरव्या पानांतून उन्हाचे सोनेरी ठिपके खाली सांडत होते. शेवंतीने झोळी फांदीला टांगली आणि तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं. छबूचं नव्हे, काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसं बारीक रडणं!

बकुळीच्या बुंध्याशी एक परी बसली होती. तिचे पंख मोरपंखी होते, पण कोमेजलेल्या फुलासारखे खाली लोंबत होते. केसांतल्या चांदण्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. मांडीवर तळहाताएवढं परीचं पिल्लू होतं, आणि ते थंडीने कुडकुडत होतं.

"घाबरू नकोस," परी हळूच म्हणाली. "ही माझी टिकली. वाऱ्यात तिचं धुक्याचं पांघरूण उडून गेलं. मी दुसरं विणायला घेते, पण ही मला विणूच देत नाही गं."

शेवंतीला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिने हातातल्या एकुलत्या एक कुंचीकडे पाहिलं. जत्रा डोळ्यांपुढे आली, मिठागर डोळ्यांपुढे आलं. मग तिने पुढे होऊन ती कुंची टिकलीच्या अंगावर घातली आणि चहूबाजूंनी नीट खोचली. कुंचीत टिकली पार बुडून गेली. फक्त तिचं इवलंसं गुलाबी नाक बाहेर राहिलं. रडणं थांबलं.

परीच्या पंखांच्या कडा लुकलुकू लागल्या. तिने ओंजळ केली आणि हलकेच फुंकर घातली. ओंजळीत इंद्रधनुष्याच्या रंगांचा एक फुगा तरंगू लागला.

"तुझी एक इच्छा माग," ती म्हणाली. "पण नियम आहे हं. ती मोठ्याने बोलायची आणि ती अगदी मनाच्या तळातली असायला हवी. तशी नसेल तर फुगा फुटेल. मी पुन्हा एखादा करीन, पण आज माझ्या पंखांत फारसं बळ नाही."

शेवंतीने पटकन सांगितलं, "मला आपोआप शिवणारी सोन्याची सुई हवी!"

फट्! फुगा फुटला. गवतावर नुसते रंगीत थेंब उरले.

"सुई तुला आवडते ती तुझ्या हातातलीच," परी म्हणाली. तिने दुसरा फुगा केला. तो जरा लहान होता.

"मग... मग कुंच्यांचा मोठा ढीग हवा. तयार कुंच्यांचा!"

फट्! तोही फुटला.

"त्या तुला स्वतः शिवायच्या आहेत ना?" परी हसली. पण तिचा आवाज दमला होता. तिसरा फुगा बोराएवढाच झाला, आणि परीने झाडाला पाठ टेकली. "हा शेवटचा गं."

शेवंती घाबरली. काय मागावं? पैसा? नदीला पाणी? केरूने घरी राहावं? तिचं डोकं जड झालं होतं. शब्द सापडेनात. तेवढ्यात झोळीत छबू रडू लागली, आणि शेवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मला झोप हवी," ती हुंदके देत म्हणाली. "बाकी काही नको. मला नुसती झोप हवी."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. परी भेटावी आणि मागावी काय, तर झोप! पण फुगा फुटला नाही. तो उजळला, दिव्यासारखा लख्ख झाला आणि शेवंतीच्या कपाळावर विरघळून गेला.

"दिली," परी म्हणाली. "मात्र या झोपेलाही नियम आहे. बाळ दुसऱ्या कुणाच्या कुशीत असेल, तेव्हाच ती येईल. आणि ती कूस तुला आपल्या तोंडाने मागावी लागेल. मनातल्या मनात मागितलेलं चालणार नाही. आज छबूला मी धरते. उद्याचं तू बघ."

परीने छबूला पंखात गुंडाळून घेतलं. शेवंती गवतावर आडवी झाली, आणि झोप अशी आली, अशी आली, की जणू कोणी तिच्यावर सायीचं पांघरूण घातलं.

ती उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. छबू परीच्या एका पंखात, टिकली दुसऱ्या पंखात. दोघीही गाढ झोपल्या होत्या.

"मधे हिला भूक लागली होती," परी म्हणाली. "तेव्हा मी धरूनच तुझ्या कुशीशी टेकवली. तू झोपेतच पाजलंस."

शेवंतीने इकडेतिकडे पाहिलं. जास्वंद इतकी लाल होती? गोकर्ण इतकी निळी? कित्येक दिवसांत तिने रंग असे पाहिलेच नव्हते. मग तिचं लक्ष गाठोड्याकडे गेलं आणि ती पाहतच राहिली. तिची विटकी लुगडी जास्वंदीसारखी लाल, गोकर्णीसारखी निळी, पारिजातकाच्या देठासारखी केशरी झाली होती!

"पण माझी इच्छा तर संपली ना?"

"ही इच्छा नव्हे," परी म्हणाली. "हे कुंचीचं मोल. मी तुझं पहिलं गिऱ्हाईक, आणि फुकट मी काही घेत नाही."

शेवंती घरी आली. दारात केरू बसला होता. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाली, "अहो, छबूला जरा घ्याल का? मला झोपायचंय. आणि मग शिवायचंय."

केरू चटकन उभा राहिला. "घेतो की! मला वाटायचं, तू देणारच नाहीस. मागे उचलली होती तर 'मान सांभाळा, मान सांभाळा' म्हणून केवढी ओरडली होतीस."

छबूने आकांत मांडला. शेवंतीचा जीव दारापर्यंत धावला, पण ती उंबरठ्यावरच थांबली. केरू छबूला घेऊन वाळूतल्या नावेत बसला आणि नाव डाव्या-उजव्या अंगाला हळूहळू झुलवू लागला. रडणं बारीक झालं. मग थांबलं. आणि शेवंतीच्या पापण्या आपोआप मिटल्या.

दुसऱ्या दिवशी तिने येसूआत्यांनाही विचारलं. "आत्ता कुठे शहाणी झालीस!" म्हणत आत्यांनी छबूला उचललं. असं करत करत, थोडं झोपून, थोडं शिवून, शेवंतीने कुंच्या केल्या. एकीवर होडी, एकीवर कासव, एकीवर कणीस. काही टाके वाकडे आले. ते तिने तसेच ठेवले.

जत्रेत मात्र तिच्याकडे कुणी फिरकेना. पलीकडे शहरातून आलेला एक दुकानदार जरीच्या टोप्या विकत होता. "चमचम टोपी, झगमग टोपी!" सगळ्या बायका तिकडेच. केरू टोपलीतल्या कुंच्या पुन्हा पुन्हा मोजू लागला.

इतक्यात एक बाई गर्दीतून धडपडत आली. कडेवरचं बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. बाईचे डोळे सुजलेले होते, वेणी अर्धी सुटलेली. शेवंतीने ते डोळे लगेच ओळखले.

"बसा बाई इथे," ती म्हणाली. "द्या त्याला माझ्याकडे."

"दुसऱ्याकडे राहत नाही हो तो..."

"रडू दे थोडा. तुम्ही टेका जरा."

शेवंतीने बाळाची टोपी काढली. जरीने त्याच्या कोवळ्या कपाळावर ओरखडे उठले होते. तिने निळी कुंची घातली, कासवाची. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड बाळाने गालाला घासलं, एक लांब उसासा टाकला आणि ते झोपलं. त्याची आईही मांडवाच्या खांबाला टेकल्या टेकल्या झोपली.

जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थबकल्या. एकीने कापड चाचपून पाहिलं. दुसरीने कासव पाहिलं. बघता बघता टोपली रिकामी झाली. ज्यांना मिळाल्या नाहीत, त्या आपली जुनी लुगडी आणून देऊ लागल्या. "सवडीने दे गं, घाई नाही. लेकुरवाळी आहेस."

केरू मिठागरावर गेला नाही.

जत्रेहून परतताना शेवंतीने केरूला परीची गोष्ट सांगितली, आणि त्याच संध्याकाळी तिघंही बकुळबागेत गेली. परी वाटच पाहत होती. तिच्या खांद्यावर टिकली बसली होती, कुंचीतून इवले पंख बाहेर काढून.

"ही उडायला शिकली," परी म्हणाली. "आता आम्ही आमच्या देशी निघालो. शेवंती, अजून थकतेस?"

"थकते की!" शेवंती म्हणाली.

"मीही," परी म्हणाली, आणि दोघी आया एकमेकींकडे बघून हसल्या.

मग बागेत उजेड दाटला. आधी केशरी, मग सोनेरी, मग दुधासारखा पांढरा. पानापानावर ठिणग्या नाचल्या. एक मोठी चांदणी आणि तिच्यामागे एक छोटी चांदणी अशा वर वर गेल्या, आणि आभाळात मिसळल्या.

छबूने ते सगळं डोळे विस्फारून पाहिलं. मग तिने आपलं बोळकं उघडून एक मोठ्ठी जांभई दिली. तिची बघून केरूला जांभई आली. केरूची बघून शेवंतीला आली. आणि झाडाखाली ती तिघं एकमेकांना टेकून बसली.