खिडकीतला पंखा आणि सोल्डरगन

घरोघरी रेडिओ वाजायचे, त्या काळची गोष्ट. दाजीबा पेडणेकर घरातल्याच एका खोलीत रेडिओ दुरुस्त करायचे. तारा जोडायच्या सोल्डरगनचा धूर खिडकीतला पंखा बाहेर ओढायचा.

“तुझ्या वाऱ्याने माझं टोक गार पडतं,” सोल्डरगन कुरकुरायची.

“धूर मालकांच्या छातीत जाऊ नये म्हणून फिरतो गं,” पंखा म्हणायचा.

एके दिवशी सोल्डरगन हट्टाने तापेचना. जोड कच्चे राहू लागले, तेव्हा वाऱ्यानेच ती गार पडते असं वाटून दाजीबांनी वैतागून पंखा कायमचा बंद केला. मग ती खुशीत तापली आणि धूर खोलीतच साचू लागला.

काही वर्षांनी दाजीबांना दम लागू लागला. डॉक्टरांनी काम सोडायला लावलं. सोल्डरगन कपाटात ठेवतानाही ते खोकत होते.

“पंखेदादा, मी तुझा वारा थोडा सोसला असता, तर काय बिघडलं असतं?” तिने विचारलं.