गर्गे सरांची तूपवाढणी

भाऊबीज. सकाळचे साडेदहा. नाशिक, भांडीबाजारामागची गल्ली. केरूबुवांचं कल्हईचं दुकान. भट्टी पेटलेली.

“पण बुवा, ताईला बासुंदी कशात वाढू?”

विचारणारे निवृत्त प्राचार्य वसंतराव गर्गे. जुन्या भांड्यांनी जेवणाचं टेबल कसं मांडावं, यावर ते भाषणं देतात. प्रत्येक भाषणात स्वतःला केरूबुवांचा शिष्य म्हणवतात. केरूबुवांना याबद्दल कोणी विचारलेलं नाही.

बुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तेरा वर्षांचे होते तेव्हापासून भट्टीपुढे. भांड्यांना कल्हई करायची, भांड्यांवर नावं घालायची, आणि कमी बोलायचं.

मी बाकावर बसलो होतो. माझ्या पातेल्याचा नंबर सरांच्या आधी होता. सर तरीही पुढे आले.

“आज जरा घाई आहे,” ते मला म्हणाले. “एक वाजता बहीण येतेय जेवायला. नऊ वर्षांनी.”

हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आई गेली, भांड्यांची वाटणी झाली, आणि बहीणभावाचं बोलणं थांबलं. परवा शकूताईंचा फोन आला. एकदा येऊन जाते म्हणाल्या, पुढचं पुढे. त्या ‘पुढचं पुढे’नं सरांची झोप उडाली होती. डोळे लाल दिसत होते.

सरांनी पिशवीतून पहिलं भांडं काढलं. पितळी, नक्षीदार, गळ्याशी निमुळतं, तोंडाशी पसरट.

“यात बासुंदी. घाट बघा बुवा.”

“बघतोय. कडा पसरट कशाला केलीय?”

“वाढायला सोपं जावं म्हणून.”

“थुंकायला सोपं जावं म्हणून.”

...

“म्हणजे?”

“पिकदाणी आहे, सर.”

सरांनी भांडं हातातून असं सोडलं की ते माझ्या पायावर पडलं. याच भांड्याचा रंगीत फोटो दिवाळीआधी एका पुरवणीत अर्ध्या पानावर आला होता. खाली ओळ होती, ‘गर्गे सरांचं पेशवाई बासुंदीपात्र’. खुलासा अद्याप छापलेला नाही.

“धुतली होती,” सर म्हणाले.

“कोणी खाल्लं यातून?”

“गेल्या पाडव्याला... व्याही.”

बुवांनी भाता एकदा ओढला. हसले असावेत. धुरात नीट दिसलं नाही.

दुसरं भांडं निघालं. मोठं पितळी पातेलं, आतून सोन्यासारखं लखलखीत.

“हे मात्र बिनचूक,” सर सावरून बसले. “आत पांढरट कळा आली होती. तीन दिवस स्वतः खरवडली. मूळ पितळ बाहेर काढलं. जुन्याचं तेज म्हणतात ते हे!”

“यात काय?”

“कढी.”

“तुम्ही कल्हई खरवडलीत, सर.”

“मला वाटलं मळ आहे.”

“कढी कळकेल. ताई दुपारी तुमच्याकडे जेवतील आणि रात्री दवाखान्यात पेज पितील.”

सरांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “माझ्याकडे चुकून काही झालं, तरी ती म्हणेल मुद्दाम केलं.”

बुवांनी कोळसे सारले. पातेलं विस्तवावर धरलं. नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी फिरवली, कापसाच्या बोळ्यानं पुसत नेली. पितळेचं सोनं गेलं, चांदी आली.

“घ्या. आता भांडं झालं.”

सर उठले नाहीत. पिशवीत अजून काहीतरी होतं. ते त्यांनी रुमालात गुंडाळलं होतं.

एक तूपवाढणी. छोटी, चोच असलेली, मूठ जराशी वाकलेली. वापरून वापरून गुळगुळीत.

“ही सगळ्यात जुनी,” सर म्हणाले. “हिच्याशिवाय टेबल पुरं होत नाही. फक्त बुडाला कुणाचं तरी नाव आहे. तेवढं घासून काढा.”

“बूड कोण बघतंय?”

“टेबल काचेचं आहे, बुवा. खालून दिसतं.”

“जेवायला बसलेला माणूस टेबलाखाली वाकून बघतो?”

“ताई बघेल.”

...

बुवांनी कानस उचलली. मग खाली ठेवली. चिंचेचा कोळ घेतला, त्यात राख कालवली आणि बूड अंगठ्यानं चोळायला लागले. काळपट थर निघाला. बारीक टिंबांची अक्षरं वर आली.

“वाचा,” बुवा म्हणाले.

“चष्मा नाही आणला.”

चष्मा सरांच्या नाकावर होता.

बुवांनीच वाचलं. “शकूताईस. भाऊबीज, एकोणीसशे बासष्ट. वसंता.”

गल्लीत कुणाच्या तरी घरी ओवाळणीचं ताट वाजलं.

“अक्षर माझं आहे,” बुवा म्हणाले. “पंधरा वर्षांचा होतो. अजून हात बसला नव्हता, ‘भ’ बघा कसा पडलाय. तुमच्या आई तुम्हाला घेऊन आल्या होत्या. तुम्ही इथंच उभे होता. मला बजावलंत, नाव खोल घाला, नाहीतर कोणीतरी घेईल.”

सरांनी रुमालाची घडी केली. मोडली. पुन्हा केली.

“वाटणीच्या वेळी ताई म्हणाली होती,” ते म्हणाले, “आईचं काही नको. माझी तेवढी वाढणी दे.”

“मग?”

“म्हटलं, सापडत नाही.”

“सापडली कधी?”

...

प्राचार्य म्हणून या माणसानं बावीस वर्षं कॉलेज चालवलं. उशिरा येणाऱ्या पोरांकडून लेखी कारण घेतलं. नऊ वर्षं न सापडणारी वाढणी फडताळाच्या कुठल्या कप्प्यात होती, याचं कारण त्यांनी अजून लेखी दिलेलं नाही, तोंडीही नाही.

“घासून टाका ना, बुवा,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “नवीन म्हणून देतो तिला. म्हणजे, जुनीच, पण नवीन. बाजारात मिळाली म्हणतो. तिला आवडेल. एकदा बसली जेवायला की मग...”

बुवांनी वाढणी विस्तवावर धरली. आतून कल्हई केली, पाण्यात बुडवली, पुसली. बुडाकडे कापूस नेला नाही. मग सरांचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या तळव्यावर ती पालथी ठेवली. अक्षरं वर.

“ताईंच्या पानापुढं अशी ठेवा.”

“उपडी?”

“उपडी.”

“अहो, पण तूप कशातून वाढू?”

बुवांनी माझं पातेलं भट्टीवर घेतलं.

“तूप वाढेपर्यंत त्या बसल्या, तर मग या विचारायला.”